सातव्या पायरीवरच्या बायका

माझे वडील मंडपवाले होते. कोल्हापुरातल्या कुस्तीच्या मैदानात काही असलं, कुस्त्या असोत नाहीतर सभा, की खांब, दोर, कनाती, खुर्च्या आमच्याकडून जायच्या. अब्बांनी वीस वर्षं त्या मैदानाची पायरी न् पायरी तुडवली होती. आणि त्या वीस वर्षांत अम्मानं ते मैदान आतून एकदाही पाहिलेलं नव्हतं. बायका तिथं जात नसत. कुणी अडवत होतं असं नाही, पण जात नसत. मीसुद्धा गेले ती अब्बांचा डबा घेऊन, आणि तीही दरवाज्यापर्यंतच.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा त्या मैदानात मुंबईचा मोठा ऑर्केस्ट्रा येणार असं ठरलं. विजेवरची गिटार, ड्रम, चकचकीत कपड्यांतले गायक. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि असला कार्यक्रम आमच्याकडं कुणी पाहिला नव्हता. एका तालमीनं तो अंगावर घेतला होता. तालमीचे अध्यक्ष म्हणजे साठी ओलांडलेले एक पैलवान, मान खांद्यात बसलेली आणि दोन्ही कान कुस्तीत मोडून भज्यासारखे झालेले. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळं ते सगळ्यांशी ओरडूनच बोलत. आमच्या घरी येऊन त्यांनी सांगितलं, "भाई, या खेपंला बायकास्नीबी बोलवायचं हाय. दुपारी चारला चालू करायचं, म्हंजी दिवस मावळायला समदी वाटंला लागतील."

अब्बांनी होकार दिला, आणि चारच दिवसांनी एका लग्नाचा मांडव उतरवताना शिडीवरून पडले. पाय घोट्याच्या वर मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून घरी आले तेव्हा मला वाटलं, काम दुसऱ्याकडं जाणार. अब्बा म्हणाले, "डोकं मोडलंय का माझं? मी खुर्चीत बसून सांगतो, तू मोजून लिही." आमचे दोन गडी बांबू आणि दोरांचं काम डोळे मिटून करायचे. प्रश्न होता तो कोण कुठं बसणार आणि कुणाची गाडी कुठं लागणार याचा.

मी पहिल्यांदा मैदानात उतरले ती वही आणि मोजायची टेप घेऊन. गोल मैदान, चारी बाजूंनी चढत गेलेल्या पायऱ्या आणि मधोमध कुस्त्यांचा लाल मातीचा हौदा. त्या मातीत अब्बा एक खुंटीसुद्धा ठोकू देत नसत, म्हणून स्टेज हौद्याबाहेर बांधायचं होतं. तालमीच्या कमिटीला ते दरवाज्याजवळ, पश्चिमेला हवं होतं. अब्बांनी हात आडवा केला. "चार वाजता ऊन कुठून येतं बघा. सगळी माणसं डोळ्यांवर हात धरून गाणी ऐकतील." स्टेज पूर्वेला गेलं. माणसांच्या पाठीला ऊन आणि गाणाऱ्यांच्या डोक्यावर छत.

मग कमिटीनं बायकांची जागा दाखवली. स्टेजच्या बगलेला, कर्ण्याच्या खांबामागं. तिथून गाणाऱ्यांची पाठ दिसली असती आणि कानठळ्या बसल्या असत्या. मी अब्बांकडं पाहिलं. कमिटी गेल्यावर ते मला म्हणाले, "तुझ्या अम्माला कुठं बसवशील?"

"चांगल्यात चांगल्या जागी."

"मग ती शोध. मी इथं बसतो."

स्टेजच्या जागी खुर्ची टाकून, प्लास्टरचा पाय खोक्यावर ठेवून ते बसले आणि पेपर उघडून मोठ्यानं वाचायला लागले. ओरडून नाही, घरात वाचावं तसं. मी पहिल्या पायरीवर बसले, दुसरीवर बसले, अशी वर वर सरकत गेले. गुळाचे भाव, पाहिजेत-विकणे आहे, कुणाच्या तरी सत्काराची बातमी, सगळं त्यांनी वाचलं. खाली आवाज फुटायचा. अगदी वर गेलं की वाऱ्यावर जायचा. समोरच्या मधल्या पट्ट्यात, सातव्या पायरीवर, तो असा आला की अब्बा शेजारी बसलेत. मी वर-खाली तीनदा करून पाहिलं आणि खडूनं खुणा केल्या. पाचवी ते नववी पायरी बायकांची, आणि मधोमध सातवी.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले. खुणा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ती जागा पावण्यांची हाय की. कुणी सांगितलं हे?"

"मी," मी म्हणाले. "मामा, तुम्ही एकदा वर येऊन बसा. अब्बा पेपर वाचतील."

"मला ऐकू येतंय कुठं, पोरी?"

तरी ते चढून आले, माझ्यावर उपकार केल्यासारखे. बसले. खाली अब्बांनी वाचायला सुरुवात केली. पैलवान आधी इकडंतिकडं बघत होते, मग हळूहळू थांबले. मोडका कान त्यांनी स्टेजकडं वळवला.

"म्हैस हरवल्याली हाय व्हय कुणाची?" ते मला म्हणाले. "मलकापूरला?"

खरंच तीच जाहिरात अब्बा वाचत होते.

पैलवान गुडघ्यांवर हात देऊन उठले. एवढंच म्हणाले, "पावणं खाली खुर्च्यांत बसत्याल. त्यास्नी चारचौघांत दिसायचंच असतंय." आणि उतरून गेले. अब्बांनी पेपराची घडी घातली. मला शाबासकी दिली नाही, पण त्या दिवसापासून खांब कुठं रोवायचा, दोर कुठून न्यायचा हे गडी विचारायला आले की ते माझ्याकडं बोट दाखवायचे. ते बोट मला आजही दिसतं.

राहिल्या गाड्या. मैदानाशेजारी मोकळी जागा होती आणि शिरोळ, कुरुंदवाडाकडून ट्रॅक्टर भरून लोक येणार होते. कुस्त्यांच्या वेळी जो तो जागा दिसेल तिथं गाडी घुसवायचा आणि सुटताना तासभर शिव्यांचा बाजार भरायचा. मी घरी वहीवर चित्र काढलं. कोण कशातून येतो यापेक्षा कोण कुठल्या रस्त्यानं परत जातो ते बघायचं. शिरोळ, कुरुंदवाडाचे एका बाजूला, मलकापूरकडचे दुसऱ्या, गावातल्या सायकली भिंतीला लागून, आणि मधून एक वाट पूर्ण मोकळी. प्रत्येक गाडीचं तोंड रस्त्याकडं. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी गड्यांना घेऊन फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि दुपारी दोनपासून मी स्वतः तिथं उभी राहिले, पदर खोचून.

पहिलाच ट्रॅक्टर सरळ आत शिरला. ट्रॉलीत बायका, लेकरं, भाकरीची गाठोडी. मी हात केला. "पावणं, उलटा लावा. तोंड भाईर."

"बाई, मी काय आज शिकलोय व्हय ट्रॅक्टर?"

"शिकलाय म्हणूनच सांगतीय. कच्च्या माणसाला ट्रॉली उलटी घेता येत न्हाय."

ट्रॉलीतल्या बायका हसल्या. त्यानं मुकाट्यानं ट्रॉली मागं घेतली, रेघेला रेघ जुळवून, आणि मग उतरून पुढच्या तिघांना तोच सांगायला लागला.

साडेतीनला पांढरी अँबॅसिडर आली आणि मोकळ्या वाटेत, बरोबर तोंडावर उभी राहिली. मागच्या सीटवर कुणी बडे पाहुणे होते. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांची गाडी इथंच राहील." मी म्हणाले, इथं कुणाचीच राहणार नाही. साहेबांनी काच खाली करून विचारलं, "तू कोण?" मी गाडीपुढून हलले नाही. मागं ट्रॅक्टरांची रांग लागली. तेवढ्यात फेटा बांधलेले पैलवान येताना दिसले आणि मला वाटलं, संपलं. पाहुण्यांना त्यांनीच बोलावलं होतं.

पैलवानांनी पाहुण्यांना वाकून नमस्कार केला. मग ड्रायव्हरला त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं, सांगितलं, "ती म्हणती तिथं लाव. आज हितली मालकीण ती हाय."

गाडी सायकलींच्या पुढं जाऊन लागली.

चारला दहा मिनिटं कमी असताना अम्मा गल्लीतल्या बायकांना घेऊन आली. दरवाज्यात ती थबकली. आतली लाल माती पाहून तिनं चपला काढल्या आणि हातात घेतल्या. तिच्या मागच्या बायकांनीही काढल्या. त्यांच्या मागं शिरोळकडच्या, मलकापूरकडच्या. खुर्च्यांतले पुरुष वळून बघत होते आणि अनवाणी बायकांची ती रांग पायऱ्या चढत होती. पाचवी भरली, सहावी भरली. अम्मा सातवीवर मधोमध बसली.

पहिली गिटार वाजली तेव्हा सगळं मैदान एकदम दचकलं आणि मग ड्रम सुरू झाले. गाणी कुठली होती ते मला नीट आठवत नाही. मी दरवाज्यात उभी होते, अर्धं लक्ष गाड्यांकडं. आठवतं ते हे, की अब्बा स्टेजच्या पायथ्याशी खुर्चीत बसले होते, स्टेजकडं पाठ करून. सगळा वेळ ते वर पायऱ्यांकडं बघत होते.

सव्वासहाला कार्यक्रम सुटला. अजून उजेड होता. ट्रॅक्टर एकामागून एक आपापल्या रस्त्याला लागले, कुणी हॉर्नही वाजवला नाही. शेवटची ट्रॉली गेली तेव्हा पैलवान फक्कीच्या रेघांकडं बघत उभे होते. "ह्या पुसू नका," ते गड्यांना म्हणाले. "पुढल्या कुस्त्यास्नी लागत्याल."

अम्मा मात्र हौद्याच्या कडेला उभी होती. किती तरी वेळ तिनं ती माती, त्या पायऱ्या पाहिल्या. मग अब्बांना म्हणाली, "एवढं मोठं हाय, हे कधी सांगितलं न्हाय तुम्ही." अब्बांनी कुबडी टेकली आणि माझ्याकडं मान वळवून म्हणाले, "आज हिनं दाखवलं की."

पुढं बरीच वर्षं मी त्या मैदानात आणि इतर ठिकाणीही बसण्याच्या जागा आखल्या. लोक मला रेघवाल्या बाई म्हणायचे आणि मला ते आवडायचं. पण त्या पहिल्या कामाची तक्रार दुसऱ्याच दिवशी सकाळी आली. चहा गाळता गाळता अम्मा म्हणाली, "आवाज झकास होता. पण पुढच्या बाईच्या अंबाड्यानं ड्रमवाला अर्धाच दिसला मला."

मी उठले, वही काढली आणि लिहून ठेवलं: खालच्या पायरीवर बुटक्या बायका.