आधी फळी, मग चहा

इंग्लंडात माणसं पिशवीत छत्री बाळगतात. दाभणकाका कोटात दाभण बाळगायचे. पोती शिवायचं ते जाडजूड, टोकाशी किंचित वाकलेलं दाभण, टोकाला बाटलीचं बूच खोचलेलं. ते बूच काढताना काका असा गंभीर चेहरा करायचे की एखाद्या सर्जननेही दोन पावलं मागे सरावं. मग समोर जे लाकूड असेल, ते कुणाच्याही मालकीचं असो, एकदा टोचलं जायचं. मी त्यांना एका चर्चच्या दाराला टोचताना पाहिलं आहे. "घट्ट आहे," ते आत उभ्या असलेल्या पाद्र्याकडे बघत मला मराठीत म्हणाले, "अजून शंभर वर्षं प्रार्थना चालू द्या म्हणावं."

काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. तरुणपणी मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात डब्यांच्या फळ्या बसवल्या, मग ब्रिस्टलजवळ तीस वर्षं घोड्यांचे ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायचे डबे, बांधले. बायको गेली, मुलगी लंडनच्या ईलिंगला, आणि मराठी बोलायला ब्रिस्टलमध्ये समोर फक्त आरसा. आमची ओळख झाली ती माझ्या तोंडाळपणामुळे. माझी मुलगी सई ज्या तबेल्यात जायची, तिथल्या फाटकाशी मी फोनवर बायकोला बिनधास्त सांगत होतो, की मालकीणबाईंच्या टोपीत बहुधा कोंबडी अंडी घालते. मागून आवाज आला, "कोंबडी नाही हो, बदक. आकार बघा ना टोपीचा." वळून पाहिलं, तर ब्याऐंशी वर्षांचे एक गृहस्थ फाटकाच्या खांबाला दाभण टोचत होते.

नेमका त्याच शरदात तो तबेला बंद व्हायचा होता. महिनाअखेरच्या शनिवारी फाटकाला कुलूप लागणार. बारा मैलांवरच्या दुसऱ्या तबेल्यात सईच्या टॉफीसाठी जागा मिळाली होती, पण टॉफी तिथे जाणार कशी? ही तांबूस घोडी आमच्याकडे येण्याआधी कुठल्याशा ट्रेलरची कुजकी फळी मोडून तिचा पाय आरपार गेला होता. तेव्हापासून ट्रेलर दिसला की ती खांबासारखी उभी राही. भाड्याचे दोन गाडीवाले हात टेकून परत गेले. आपलाच ट्रेलर हवा होता, रोज थोडी थोडी सवय करायला. नाहीतर तिला शेजारच्या शेतकऱ्याला विकायची. तो दोनदा येऊन तिचे दात बघून गेला होता. सईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी शत्रूलाही देणार नाही.

नवा ट्रेलर आमच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून जुना शोधायचा, आणि तो बघायला काका येणार, असं ठरलं. त्यांची फी एकच. जाता-येता गाडीत सगळं बोलणं मराठीत, आणि मध्ये मी 'ॲक्च्युअली' म्हटलं की परत पहिल्यापासून.

बघण्याची त्यांची रीत मुलगी बघायला आलेल्या चार मावश्यांना लाजवील अशी. रंगाकडे ढुंकून बघायचे नाहीत. थेट चिखलात पाठीवर निजून ट्रेलरखाली शिरायचे. टायरवर कोरलेलं जन्मसाल वाचायचे. "नक्षी झिजलेली नाही हो!" मी म्हटलं, तर खालून उत्तर, "बुटाला पॉलिश केलं म्हणून पाय तरुण होत नाही, इंजिनिअर." मग मागची दारफळी, खाली टेकली की घोड्याला चढायची उतरण होते ती, चार वेळा उघडायची, मिटायची. ब्रेक, दिवे, मोटारीला जोडायची कडी. आणि सगळ्यात शेवटी आतली रबरी चटई उचलून दाभण. घोड्याचं मूत चटईखाली मुरतं आणि फळी गुपचूप कुजत जाते. वरून सगळं झकास दिसतं. तीन ट्रेलर त्यांनी नापास केले.

या सगळ्यात एक कलम अटळ होतं. फळी बघेपर्यंत विकणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. "चहा प्यालास की मिंधा झालास," ते म्हणायचे. "आणि मिंध्या माणसाच्याने चटई उचलवत नाही. आपल्या लोकांच्याने तर मुळीच नाही. ज्याचं खाल्लं त्याच्या ट्रेलरला नावं कशी ठेवायची, असं वाटतं."

मी हसलो होतो. पुढच्या शनिवारी सॉमरसेटमधली एक जाहिरात दिसली. हिरवा, देखणा ट्रेलर, आणि तबेला बंद व्हायला उरलेले दोन आठवडे. शनिवार म्हणजे काकांचा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी ते गाडीत बसत नसत. "उद्या जाऊ," ते म्हणाले. मी म्हटलं, उद्यापर्यंत दुसरा कोणी उचलेल. सईला घेऊन मी निघालो.

दार उघडलं ते एका आजीबाईंनी. नवरा वारल्यापासून ट्रेलर अंगणात उभा होता. मी चटईपर्यंत पोचायच्या आतच टेबलावर फुलाफुलांच्या कपांत चहा आला आणि लिंबाचा केक आला. "अजून एक तुकडा, डिअर?" मी तीन तुकडे खाल्ले. मग त्यांनी नवऱ्याचा फोटो दाखवला. सई तिच्या इंग्लंडी मराठीत, जिथे सगळंच 'तो' असतं, माझ्या कानाशी लागली, "बाबा, चटई बघायचा राहिला."

"अगं, बरं दिसतं का ते? आत्ताच केक खाल्लाय."

"पण काका म्हणाले होते..."

"हळू बोल!"

हातात हात देऊन सौदा झाला. घरी येताना मी मोठमोठ्याने गाणी म्हणत होतो. सई मागे वळून वळून ट्रेलरकडे बघत होती.

रविवारी काका आले. चटई उचलली, बूच काढलं. दाभण फळीत शिरलं ते लोण्यात शिरावं तसं, मुठीपर्यंत. सई ट्रेलरच्या मागे जाऊन रडू लागली.

"किती कप?" काकांनी विचारलं.

"दोन. आणि केक."

"विमानांच्या पंखांचं काम करतोस आणि एक चटई उचलायला लाजतोस?" ते पुन्हा पाठीवर निजले, खाली शिरले, आणि बराच वेळ ठोकल्याचा आवाज येत राहिला. मग बाहेर आले ते चिखलाने माखलेले आणि चक्क खूश. "सई, रडू नकोस गं. सांगाडा लोखंडी आहे आणि उत्तम आहे. कुजली ती फळी. फळी माणसाने घातलेली असते, माणसाला बदलता येते."

चार दिवस आमच्या दारात कारखाना चालला. काका खुर्चीवर, मी आणि सई गुडघ्यांवर. स्क्रू वाकडा गेला की काका कण्हायचे, जणू त्यांच्याच बरगडीत गेला. फळ्या बसल्यावर ते म्हणाले, "आता त्या बाईंना सांगून ये. रागाने नको. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या तोच ट्रेलर कुणालाही देऊन बसल्या असत्या, हे त्यांना कळायला हवं." आम्ही तिघं गेलो. आजीबाईंचा चेहरा पडला. मग त्यांनी न विचारता किटली ठेवली आणि आम्हाला नवऱ्याची सगळी हत्यारं देऊ केली. काकांनी त्या दिवशी तीन कप चहा घेतला. "आता चालतं," ते मला म्हणाले.

आठवडाभर टॉफी उतरणीवर एक खूर ठेवायची आणि मागे घ्यायची. शेवटच्या शुक्रवारी दुपारी तबेल्यात आम्ही आणि कावळे एवढेच उरलो होतो. कुंपणापलीकडे शेतकरी दोरी घेऊन उभा. सूर्य खाली चालला होता. शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो, आणि काकांना त्याच्या आत घर गाठायचं होतं, पायी वीस मिनिटं.

"तुम्ही निघा काका," मी म्हटलं.

"घाई मला आहे, तुला आहे. तिला नाही." ते उठले, पुढच्या छोट्या दाराने ट्रेलरमध्ये शिरले आणि फळीवर उभे राहिले. मग त्या ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने तिथे उड्या मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. "बघ गं बाई! मी मोडलो का? फळी मोडली का?"

टॉफीने कान टवकारले. उतरणीवर खूर आपटला. पुन्हा आपटला. खरं सांगतो, दाभणाशिवाय तीच तपासणी. मग ती चढली, शांतपणे, जणू रोजचंच आहे, आणि काकांच्या खिशात नाक घालून उभी राहिली.

"बाबा, टॉफी आत गेला!" सई ओरडली, आणि मीही काहीतरी ओरडलो. कुंपणाशी शेतकऱ्याने दोरी गुंडाळली आणि टोपी काढली. काका छोट्या दाराने उतरले, कोट झटकला आणि वळून न बघता हात हलवत रस्त्याला लागले. भिंतीवर ऊन अजून वीतभर होतं.

रविवारी त्यांनी आम्हाला मलिद्याला बोलावलं. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. नवस फेडताना त्यांच्याकडे करतात तो. "म्हणजे तुम्ही नवस बोलला होतात?" मी चकित झालो. "टोचल्याशिवाय चर्चवर विश्वास न ठेवणारे तुम्ही?"

"दाभण खालचं बघतं," ते पोह्यांवर खोबरं पेरत म्हणाले. "वरचं कुणीतरी बघायला नको?"

वसंतात मुलीने त्यांना ईलिंगला न्यायचं ठरवलं. जिने झेपेनात. निघताना त्यांनी दाभण सईच्या हातावर ठेवलं, बुचासकट. ती अजून कुणाचा ना कुणाचा ट्रेलर टोचत असते. परवा केंब्रिजच्या एकाने तिला चहा विचारला, तर म्हणाली, "फ्लोअरनंतर, थँक यू."

गेल्या महिन्यात मी ईलिंगला गेलो. गाडीत सारखं वाटत होतं, या वयात उपटलेलं झाड तिथे लागलं असेल का? काका खिडकीशी बसले होते. मुलगी चहा घेऊन आली. मी कप हातात घेतला नाही. गुडघ्यावर बसलो, गालिच्याचा कोपरा उचलला आणि खालची फळी बोटाने तीनदा ठोकली. मुलगी बघतच राहिली. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी खालच्या मजल्यावरच्या नागपूरच्या दोन पोरांची नावं सांगितली. ती रोज संध्याकाळी त्यांच्याशी मराठीत भांडायला वर येतात.

"काय म्हणतोस इंजिनिअर," त्यांनी विचारलं, "घट्ट आहे?"

"घट्ट आहे, काका."

"मग पी."