श्वासापुरती जागा

आमच्या ह्यांचं कुठे लफडं असतं तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. पण माणूस इतका सरळ की बोट ठेवायला जागा नाही. संगीत नाटकात व्हायोलिन वाजवायचं, प्रयोग संपला की घरी यायचं, पुढ्यात येईल ते जेवायचं आणि उशीला डोकं टेकताच घोरायचं. मंडळी त्यांना ‘मुके दादा’ म्हणतात, कारण हातात वाद्य नसलं की तोंडातून अवाक्षर निघत नाही.

मी त्याच नाटकाच्या कपडेपटात शिवणकाम करते. त्यामुळे कुठल्याही बायकोला दिसू नये ते मला पडद्याच्या फटीतून रोज दिसायचं. वादक रंगमंचाच्या पुढ्यात बसायचे, त्यात हे पहिले. वर गायला उभी असायची नायिका. तिला आम्ही सगळे ‘बाई’ म्हणतो. वय माझ्याहून जास्त, कंबर माझ्याहून रुंद. मापं मीच घेते, मला ठाऊक आहे. पण बाई गायला लागल्या की ह्यांची नजर हलायची नाही. ओळ संपवून त्यांनी श्वास घेतला की ह्यांचा गज तारेवर थबकायचा. त्यांनी पुढचा सूर उचलला की गज निघायचा. एक शब्द न बोलता दोघांचं सगळं बोलून व्हायचं, आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड.

म्हणून मालकांनी वादक बंद करून रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावायचं ठरवलं, तेव्हा सगळे हळहळले आणि मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मालक म्हणाले, “मशीन रजा मागत नाही आणि चहाही पीत नाही.” शेवटचं काम म्हणून हेच सगळ्या वादकांना घेऊन स्टुडिओत गेले आणि ट्रॅक करून आले. सुटलो एकदाचे, म्हटलं. आता बघू देत बाईंना मशीनकडे.

ट्रॅक पहिल्यांदा लावून पाहिला तेव्हा रंगमंचावर कोणीच नव्हतं. मी विंगेत बसून बटणं लावत होते. गाणं सुरू झालं, नुसतं वाद्यांचं. दुसऱ्या ओळीनंतर व्हायोलिन थबकलं. नेमकं तेवढंच. पुन्हा निघालं. मोठी तान संपते तिथे जरा जास्त थबकलं. माझ्या बोटात सुई घुसली. रिकाम्या रंगमंचावर बाई श्वास घेत होत्या!

बरं, रेकॉर्डिंगला बाई समोर असतील म्हणावं, तर त्या दिवशी त्या सकाळपासून माझ्यापुढे नव्या पोशाखाची मापं देत उभ्या होत्या. घरी आल्यावर विचारलंच.

“बाई नसताना कुठे थांबायचं ते कसं कळलं हो तुम्हाला?”

“हात थांबला.”

“आपोआप?”

“हं.”

त्यापेक्षा खोटं बोलले असते तर चाललं असतं. मी ताटं अशी आपटली की शेजारीण भिंतीवर टकटक करायला लागली.

ट्रॅकवरच्या पहिल्या प्रयोगाला हे माझ्याशेजारी विंगेत येऊन उभे राहिले. काम नाही, धाम नाही, तरी आले. सुरुवातीची गाणी निभावली. मग एका गाण्यात बाईंची तान अशी रंगली की लोकांनी मध्येच टाळ्या सुरू केल्या. वादक असते तर टाळ्या ओसरेपर्यंत थांबले असते. मशीन कसलं थांबतंय? ते आपलं पुढे. बाई मागून धावल्या, शब्द गिळले, सूर गाठेपर्यंत ओळ निघून गेली होती. कोणीतरी खुदकन हसलं. हे उजवा हात वर धरून तसेच उभे, जणू हात खाली आला तर बाई पडतील. खोटं कशाला बोलू, आधी मला गार वाटलं. मग ह्यांचं तोंड पाहिलं. मी आजारी होते तेव्हासुद्धा ह्यांचं असं तोंड झालेलं मी पाहिलं नव्हतं.

बाई कपडेपटात येऊन मटकन बसल्या. मालकांना म्हणाल्या, “दादा पुढ्यात बसणार असतील तर गाईन. नाहीतर दुसरी शोधा.”

मालकांनी ह्यांच्याकडे पाहिलं. “बाईंच्या गाण्यांपुरतं मशीन बंद ठेवू. तुम्ही एकटे वाजवा. विचार करून उद्या सांगा.”

रस्ताभर हे पुढे, मी मागे. इतकी वर्षं पोटात साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं. हे ‘हो’ म्हणाले की पुन्हा तीच नजर, तोच गज आणि फटीत उभी मी. ठरवलं, ह्यांनी कळवायच्या आत बोलायचंच.

सकाळी चहाचे कप ठेवले आणि समोर बसले.

“हे बघा, मी आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही. पण त्यांच्याकडे जसं लक्ष देता ना, तसं एकदा तरी…”

“मी जाईन म्हणतो,” हे म्हणाले आणि कप उचलला. “बाई अडल्यात.”

मी श्वास घ्यायला थांबले होते. ह्यांना वाटलं, माझं बोलणं संपलं.