कणकेतली काच

आज सकाळी कणकेच्या डब्यात काचेचा तुकडा सापडला. खिडकी फुटून आठवडा झाला, तरी घरात काच अजून कुठे कुठे निघतेच आहे.

माझ्या दवाखान्यात एक म्हातारे पेशंट दगावले. त्याच संध्याकाळी त्यांची माणसं थेट घरी आली. दगड, लोखंडी गज, शिव्या. नवऱ्याचं कपाळ फुटलं, रक्त भिंतीवर उडालं. टाके मीच घातले. दाराला मी मुद्दाम पाटी लावलेली नाही. मग यांना घर सापडलं कसं? एकानं मोबाइल माझ्या तोंडासमोर नाचवला. "हे काय, तुमच्याच संघटनेच्या साइटवर पत्ता आहे!"

खरंच होता. आमच्या डॉक्टरांच्या संघटनेनं तो फॉर्मवर मागितला होता, वाढदिवसाला घरी फुलं पाठवायची म्हणून. मीही सुवाच्य अक्षरात, खुणेच्या पिंपळासकट लिहून दिला होता. दगड मारणाऱ्यांचा राग मला कळतो; त्यांचा बाप गेला होता. पण ज्यानं खुर्चीत बसून आम्हा सगळ्यांची घरं चव्हाट्यावर मांडली, त्याला साधं खरचटलंही नाही. त्याचं बोट पिरगाळावंसं वाटतं मला, मोडेपर्यंत.

कणीक फेकून देत होते, तेवढ्यात संघटनेच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, हल्ल्याचा जाहीर निषेध केलाय आपण. साइटवर टाकलाय, बघा."

बघितला. माझ्या फुटक्या खिडकीचा फोटो होता, आणि त्याखाली पूर्ण पत्ता, पिंपळासकट.