झावळ्यांच्या रविवारचं रक्त

नाव: फेबियन पास्कोल लोपीस. राहणार: मु. गिरीज, ता. वसई, जि. पालघर. वय: साठीच्या आसपास. हुद्दा: चीफ कुक, व्यापारी जहाज (निवृत्त). सदर इसम जहाजावरील सर्व दर्जांच्या कर्मचाऱ्यांसाठी, कोणत्याही हवामानात, अन्न शिजवण्यास सक्षम असल्याचे प्रमाणित करण्यात येते. प्रकृती: निरोगी.

शेवटच्या शब्दाला लेखी आधार होता. फेबियनच्या स्वयंपाकघरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, प्लॅस्टिकमध्ये बंद करून, त्याच्या रक्ताचा अहवाल लावलेला असे. दरवर्षी नवा, दरवर्षी स्वच्छ.

बोटीवर त्याला साहेबलोकांच्या न्याहारीची चटक लागली होती, आणि निवृत्त होताना कंपनीने ती परत मागितली नाही. डुकराच्या पोटाकडचं मांस आणायचं, मीठ-गूळ चोळून मुरवायचं आणि विहिरीशेजारी नारळाच्या सोडणांच्या धुरावर टांगायचं. याला तो बेकन म्हणे. सालोमी, म्हणजे त्याची बायको, दोरीवरचे कपडे पुन्हा धुवायला काढी आणि वेगळं काहीतरी म्हणे. रोज सकाळी त्या मांसाच्या जाड पट्ट्या तव्यावर पडत. सुटलेल्या चरबीत अंडं. उरलेल्या चरबीत पाव. पाव कोरडा लागू नये म्हणून वर लोणी.

खाण्यापूर्वी तो देवाचे आभार मानी, आणि ते घाऊक नव्हे, जिन्नसवार. पावाबद्दल, अंड्याबद्दल, लोण्याबद्दल, आणि मग डोळे आणखी घट्ट मिटून डुकराबद्दल.

"आमेन म्हणा आता," सालोमी मागून म्हणे. "थंड झालं की मलाच गरम करायला सांगाल."

इतका कृतज्ञ माणूस मी पाहिलेला नाही. पण त्या वर्षी पावसाळा संपता संपता त्याच्यात एक फरक पडला. वाडीतून केळीचा घड फाटकापर्यंत आणताना तो मध्येच विहिरीच्या कठड्यावर बसू लागला. आधी एकदा, मग दोनदा.

"गुडघा," तो म्हणाला.

"गुडघा दुखतो तर छातीवर हात कशाला ठेवता?"

"जवळ पडतो."

डॉक्टरकडे चला म्हटलं की तो भिंतीवरच्या अहवालाकडे बोट दाखवी. तिथे वाद संपे. सालोमी सातवी शिकलेली, आणि अहवालावर शिक्का होता.

हा अहवाल यायचा तो आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, आरोग्य शिबिरातून. गावातली तरुण मंडळी ते दरवर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, भरवत. मुहूर्त विचार करून निवडलेला होता. त्या दिवशी सगळं गाव झावळ्या घ्यायला चर्चमध्ये येतं, आणि जुनी माणसं मिस्सापूर्वी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपूर्वी, काही खात नाहीत, त्यामुळे रक्त आयतंच उपाशीपोटी मिळतं. यात कोणाला काही खटकलं नव्हतं. मलाही नाही. मीही रांगेत उभा राहून चांगला अहवाल घेऊन घरी जात असे.

पुढच्या झावळ्यांच्या रविवारी शिबिरात फेबियनचं रक्त काढायला पापडीच्या लॅबमधली एक नवी मुलगी आली होती. दिपिका तिचं नाव, राहायला नालासोपाऱ्याला. तिच्या घरची माणसं देशावरची, तिला आमचे सणवार ठाऊक नव्हते. सुया आवरता आवरता ती कौतुकाने सालोमीला म्हणाली, "मावशी, गेल्या वर्षीचे रिपोर्ट बघितले मी. अख्ख्या तालुक्यात एवढं छान कोलेस्टेरॉल नाही हो कुणाचं. तुम्ही लोक खाता तरी काय?"

"आत्ता? काही नाही," सालोमी म्हणाली. "उपवासकाळ आहे ना. राखेच्या बुधवारपासून आमच्याकडे मटण नाही, डुक्कर नाही, दारू नाही. ईस्टर झाला की मग..."

आणि ती बोलायची थांबली. दिपिकाही आवरायची थांबली.

त्या दिवशी सालोमीने घरी जाऊन कोणाशी भांडण केलं नाही. सहा आठवडे उपाशी ठेवलेलं रक्त तपासून उरलेलं वर्षभर खाणाऱ्या माणसाला निरोगी ठरवणारा तो कागद तिने भिंतीवर राहू दिला. फेबियनला समजावून उपयोग नाही हे तिला लग्नापासून माहीत होतं. तिने नाताळाची वाट पाहिली; तेव्हा त्याचं खाणं ऐन भरात असे. त्या काळात त्याचं कठड्यावर बसणं वाढत होतं आणि ती ते रोज पाहत होती. वाट पाहणं सोपं गेलं नसावं. मधे दोनदा ती एकटीच दिपिकाला भेटून आली. दोन्ही वेळा दिपिका म्हणाली, "मावशी, थांबू नका, घेऊनच या त्यांना." आणायचं कसं, हे तिलाही सुचलं नाही.

नाताळाच्या तिसऱ्या दिवशी सालोमीने सौदा मांडला. "धुरासाठी तुम्हाला पक्की खोली बांधायची आहे ना? विहिरीजवळ, माझा मोगरा काढून?"

फेबियनने चावता चावता मान वर केली.

"बांधा. मी शब्द काढणार नाही. फक्त उद्या एकदा रक्त द्या. चांगलं आलं तर मोगरा मी स्वतः उपटते."

"वाईट आलं तर?"

"तुमचं वाईट कसं येईल? शिक्का आहे तुमच्याकडे."

तो हसत हसत पापडीला गेला. दिपिकाने रक्त काढलं, नळी यंत्रात फिरवली आणि स्टँडवर उभी केली. खाली लाल, आणि वर जिथे पिवळसर पाणी दिसायला हवं, तिथे दुधासारखं पांढरं.

"हे काय आहे?" फेबियनने विचारलं.

"काका, ही तुमची न्याहारी."

त्याने नळी बराच वेळ निरखली. तीस वर्षं त्याने बोटीवर सूपं उकळली होती, आणि थंड झाल्यावर त्यांच्यावर धरणारा थर चमच्याने काढून फेकला होता. त्याला आणखी समजावून सांगायची गरज उरली नव्हती. तरी दिपिकाने कर्तव्य म्हणून एकेक पट्टी, एकेक पाव हिशेबात घेतला. "प्रोटीन चांगलं आहे तुमच्या सँडविचमध्ये," ती म्हणाली.

"बघ!" तो सालोमीकडे वळला.

"बाकीचं सांग गं," सालोमी म्हणाली.

बाकीचं म्हणजे चरबी आणि मीठ. मीठ म्हणजे दिवसभरात जेवढं पुरावं, जवळपास तेवढं एका सकाळीच पोटात. दोघी बोलत राहिल्या. फेबियन एकदम लहान आवाजात म्हणाला, "सालू, गुडघा नव्हता तो."

"माहीत आहे."

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या तिन्ही वाहिन्या तुंबल्यात. आणखी थोडे दिवस गेले असते तर, ते म्हणाले, आम्हाला काही करता आलं नसतं. छाती उघडली, काम केलं, पुन्हा शिवली. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी तिचा हात शोधला.

"बोटीवरून उतरताना वाटलं होतं, मला समुद्राने जिवंत सोडलं," तो म्हणाला. "घरी तर तू धरून ठेवलंस."

"बोलू नका, टाके ताणतील," ती म्हणाली, आणि खिडकीकडे बघत राहिली.

पुढच्या वर्षीपासून शिबिर नाताळानंतरच्या रविवारी भरू लागलं. गर्दी निम्म्यावर आली, आणि जे आले त्यांच्यातले बरेच जण डॉक्टरची चिठ्ठी घेऊन घरी गेले. त्यांत मीही होतो. आज बसून हे लिहितो आहे ते त्या चिठ्ठीमुळे. शिबिराच्या शेवटी फादरांनी आयोजकांचे, मंडपवाल्याचे आणि चहावाल्याचे आभार मानले. सालोमी शेवटच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होती.

पण ते नंतरचं. इस्पितळातून घरी आल्यानंतर महिन्याभराने, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली त्या सकाळी, फेबियन सालोमीच्या आधी उठला. तिला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. टेबलाशी बसवून त्याने तिच्यापुढे बशी ठेवली: पाव, काकडी, टोमॅटो, अंडं. तेल डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, म्हणजे थेंबभर.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान," सालोमी म्हणाली, आणि तिने ते सगळं संपवलं.

अंड्याचा अर्धा भाग तव्यालाच चिकटून राहिला होता.