धण्यांची अकरा मिनिटं

आमच्या घरी ताटावर बसून अन्नाला नावं ठेवायची पद्धत नव्हती. हा नियम आजीचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या आईचा. मी सात वर्षांची असताना एकदा वरण अळणी झालंय असं म्हणाले, तर आजीने माझं ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी संध्याकाळपर्यंत भूक लागल्याचंसुद्धा सांगितलं नाही. ते वरण खरंच अळणी होतं. आजीच्या हातून तसं वर्षातून एखाद्या वेळीच व्हायचं, कारण ती देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी काहीही चाखत नसे. मीठसुद्धा नाही. सगळा स्वयंपाक ती वासावर करायची.

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटतं. मलाही वाटलं असतं, पण मी रोज पाहत होते. आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे जबलपूरच्या कांचघर भागातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे आजीच. कढईकडे पाठ करून ती खिडकीतून शेजारणीशी बोलत असायची आणि बोलता बोलता मध्येच वळून गॅस बंद करायची. वरणाच्या वासावरून तिला मीठ कळायचं, पोळी करपायच्या आधी कळायची, दूध उतू जायच्या आधी कळायचं. शेवटी शेवटी तर तिला वासाशिवाय दुसरा आधारही नव्हता. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं आज करू उद्या करू म्हणत राहिलं होतं. धणे लाल झाले की काळे, हे तिला दिसत नसे. दिसायची गरजही पडत नसे.

मी स्वयंपाक शिकले नाही. शिकवत होती तेव्हा पळून जायचे आणि पुढे नोकरी लागली तशी पुण्यालाच पळाले. तिथे दहा वर्षं मी आजीने पाठवलेल्या मसाल्यावर जगले. हा मसाला आमच्या घरचा. आजी लग्न होऊन वर्ध्याकडून जबलपूरला आली तेव्हा सोबत घेऊन आलेली. धणे, तीळ, सुकं खोबरं, खसखस, दगडफूल, लाल मिरच्या आणि गरम मसाल्याचे सगळे जिन्नस, प्रत्येक वेगळा भाजायचा, मग एकत्र कुटायचा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी. वांग्याच्या भाजीत, पाटोडीच्या रश्श्यात, नुसत्या वरणात चमचाभर घातला तरी माझ्या पुण्यातल्या मैत्रिणी डबा पुसून खायच्या. मी कृती माहीत असल्यासारखा चेहरा करायचे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी बाबा आणि आजी दोघंही तापाने पडले. मी कशीबशी घरी पोचले तेव्हा ताप उतरला होता. दोघं वाचले. आमच्या गल्लीत तेवढंही सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. बाबांना महिनाभर चव नव्हती, मग हळूहळू आली. आजीला कोणी विचारलंच नाही. ती तिसऱ्या दिवशी ओट्यासमोर उभी राहिली, म्हणजे ती बरी झाली असं आम्ही धरून चाललो.

ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलं होतं. मी ठरवलं, आता आजीकडून सगळं शिकून घ्यायचं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. ती गेली असती तर सगळं सोबत घेऊन गेली असती, हे त्या दिवसांत पहिल्यांदा डोक्यात शिरलं. मी एक जाड वही आणली, डिजिटल वजनकाटा मागवला, मोबाईल उभा ठेवायचा स्टँड मागवला. आजी त्या काट्याकडे बघून हसली. म्हणाली, "सोनाराचं दुकान काहून लावून राहिली?" मी म्हणाले, मूठ आणि चिमूट मला चालणार नाही, मला ग्रॅम पाहिजेत, मिनिटं पाहिजेत. मी जरा तोऱ्यातच होते. आपण काहीतरी मोठं जतन करतोय असं मला वाटत होतं.

ओमती भागातल्या किराणावाल्याकडून तिच्या यादीप्रमाणे सगळे जिन्नस आणले. दगडफुलावर अडलं, तर तो म्हणाला, "पत्थरफूल बोलो ना दीदी." घरी येऊन मी ते सगळं नावानिशी वाट्यांत मांडलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही मसाला केला. आजी भाजत होती, मी लिहीत होते. प्रत्येक जिन्नस कढईत पडला की ती मला जवळ बोलवायची. "ये, वास घे." मग विचारायची, "आला का?" मी म्हणायचे, हो, आला. मग ती कढई उतरवायची आणि मी वेळ लिहायचे.

मला वाटलं, ती शिकवते आहे.

तो मसाला कडवट झाला होता. हे मला तेव्हाच कळलं होतं आणि तरी कळलं नव्हतं, दोन्ही खरं आहे. रश्श्याचा पहिला घास घेतला तेव्हा जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी करपलेलं लागलं. पण समोर मसाला करणारी बाई पन्नास-साठ वर्षं हेच करत आलेली आणि मी दहा मिनिटांपूर्वीपर्यंत शहाजिरं आणि जिरं यांत गोंधळणारी. मी मनात म्हटलं, ताजा मसाला असाच लागत असेल. पुण्याला यायचा तो मुरलेला. मग पुढे ते कडवटपण मला आवडायलाच लागलं. हीच आमच्या घरची खासियत, बाजारच्या मसाल्यात ही गोष्ट नसते, असं मी मैत्रिणींना फोनवर सांगितल्याचंही आठवतं. इतका मूर्खपणा करायला माणसाला थोडं शिक्षण लागतं.

त्या वर्षभरात मी तिच्याकडून वीस-बावीस पदार्थ शिकले. वही भरली. पाटोडी, गोळाभात, कोथिंबिरीची सांबारवडी, हिवाळ्यात जवळच्या पनागरचा मटार आला की त्याची उसळ. प्रत्येक पदार्थाला आजी तेच विचारायची, "वास आला का?" आणि मी लिहिता लिहिता मान डोलवायचे. बाबा जेवायचे, हात धुवायचे, वर्तमानपत्र उघडायचे. चांगलं झालं असंही आमच्या घरी कोणी म्हणत नाही. ताट रिकामं झालं म्हणजे चांगलं झालं.

पुढच्या वर्षी थंडीत आजी गेली. चार दिवस दवाखान्यात होती, फार त्रास झाला नाही. मी पुण्याला परत गेले नाही. नोकरी तीच ठेवली आणि बाबांपाशीच राहिले. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. वहीत लिहिल्याप्रमाणे मी ग्रॅम मोजले, मिनिटं मोजली आणि दरवर्षी जूनमध्ये मसाला केला. तो अगदी तिच्यासारखा झाला. रश्श्याचा पहिला घास घेतला की ती ओट्याशी उभी आहे असं वाटायचं. एवढं तरी आपण वाचवलं, असं मी स्वतःला सांगायचे.

गेल्या जानेवारीत आत्या आठ दिवस राहायला आली. आत्या नागपूरला असते. गुडघ्यांमुळे आजीच्या दिवसांनंतर तिचं येणंच झालं नव्हतं. तिच्यासाठी मी पाटोडीचा रस्सा केला. तिने पोळीचा तुकडा बुडवून तोंडात घातला आणि थांबली. नियम तिलाही माहीत होता, तिने निमूटपणे जेवण संपवलं. मग मी ओट्यावर भांडी घासत असताना ती मागे येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, मसाला तूच केला का. मी म्हणाले, हो, आजीच्याच मापाने. कोणत्या वर्षी शिकलीस, तिने विचारलं. मी सांगितलं.

आत्याने स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाली, "बाई, त्या तापात तिचं नाक गेलं होतं. पुन्हा आलंच नाही."

मी नळ बंद केला. आत्याने सगळं सांगितलं. आजी रोज दुपारी तिला फोन करायची, हे मला माहीत होतं. काय बोलायची ते माहीत नव्हतं. तापानंतर पंधरा दिवसांनी तिने आत्याला सांगितलं की हिंगाचा डबा नाकाला लावला तरी काही येत नाही. आत्या म्हणाली डॉक्टरला दाखव, बाबांना सांग. आजीने तिला शपथ घातली.

"मला म्हणे, कोणाला सांगू नको. पोरगी मन लावून शिकून राहिली. तिला समजलं का आजीचं नाकच गेलं, तं वही बंद करून टाकेल. अन् म्हणे, मला काय कमी आहे? तिचं नाक आहे ना माझ्यापाशी. तिला विचारते अन् कढई उतरवते."

आत्याला वाटलं होतं, नातीला कळतच असेल. ती म्हणाली, "मीही काही शपथेला जागणारी नव्हते, पण तू तिथे होतीस म्हणून मी निश्चिंत होते."

मी बाबांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मी विचारलं, मसाला कडू लागत होता का. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. हो म्हणाले. किती दिवसांपासून? तापानंतर जीभ परत आली तेव्हापासून. म्हणजे आजीच्या हातचा दीड वर्ष आणि माझ्या हातचा त्यानंतर इतकी वर्षं, तो माणूस करपलेला मसाला खात होता. मला इतका राग आला की मी ओरडलेच, एकदा तरी सांगायचं होतं. बाबा शांतपणे म्हणाले, "ताटावर बसून काय बोलायचं? अन् तू इतक्या हौसेने करायची."

राग त्यांच्यावर नव्हता, हे मला ओरडतानाच माहीत होतं. ते निदान नियम पाळत होते. मला तर आजीने स्वतःहून नियम मोडायची परवानगी दिली होती. रोज, प्रत्येक कढईपाशी ती मला विचारत होती. चव विचारता येत नव्हती म्हणून वास विचारत होती. मला फक्त नाक पुढे करून जे आहे ते सांगायचं होतं.

पहिला मसाला केला त्या दिवसाचे मोबाईलवरचे व्हिडिओ मी कधी उघडलेच नव्हते. आजीचा आवाज ऐकवेल असं वाटत नव्हतं आणि वही होतीच. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या झोपली असताना मी जुना मोबाईल चार्ज केला आणि धण्यांचा व्हिडिओ लावला. वहीत धण्यांपुढे लिहिलं आहे: मंद आच, अकरा मिनिटं. खाली मी लाल पेनाने रेघ मारली आहे. ही वेळ मी किती जणींना कळवली असेल, देव जाणे.

व्हिडिओत आजी धणे हलवते आहे. मी दिसत नाही, पेनाचा आवाज येतो. सातव्या मिनिटाच्या आसपास तिचा हात थांबतो. हाताला सवय होती, तो वेळेवर थांबला. ती वाकून कढईत तोंड घालते, चांगलं जवळ, एवढं जवळ की आता मला भीती वाटते. मग माझ्याकडे वळते आणि विचारते, "आला का वास?"

माझा आवाज येतो, "थांब गं आजी, आधीचं लिहून होऊ दे."

ती थांबते. कढई उतरवत नाही. पुन्हा धणे हलवायला लागते आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघते, त्या एका धड डोळ्याने. कढईतून धूर निघायला लागतो, तो व्हिडिओतसुद्धा दिसतो. मी खोकते. खोकत खोकतच म्हणते, "हो, आला आला. किती मिनिटं झाली गं? अकरा."

आजी लगेच गॅस बंद करते आणि म्हणते, "लिही मग. अकरा."