व्हर्नाला मतं कुणी दिली?

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना हॉगस्टॅड मुरंब्यासाठी स्ट्रॉबेरी चिरत बसली होती, तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

“काय मेयरबाई, उठलात का?”

“सकाळी सकाळी थट्टा नको गं, मार्डेल. गेलनच आला ना निवडून?”

“गेलन पडला. तू आलीस!”

व्हर्नाचा सुरीचा हात थांबला. ती मुळी उभीच नव्हती. मतपत्रिकेवर गेलन ऑस्बीचं एकट्याचं नाव छापलेलं होतं आणि तिनं स्वतः त्यालाच मत दिलं होतं. छापील नावाखाली एक कोरी ओळ असते. तिथं आपल्या मनातलं नाव लिहिता येतं. दर खेपेला कुणीतरी तिथं आपल्या कुत्र्याचं नाव लिहायचं आणि गाव आठवडाभर हसायचं. यंदा निम्म्याहून जास्त गावानं तिथं व्हर्नाचं नाव लिहिलं होतं.

नॉर्थ डकोटातल्या टॉर्व्हिक गावाला रेल्वेचे रूळ मधोमध चिरून जातात. उत्तरेला नॉर्वेहून आलेल्यांची घरं, दक्षिणेला काही पिढ्या रशियात राहून मग इकडे आलेल्या जर्मनांची. चर्चही दोन. पणजोबांच्या काळापासून उत्तरेचं मत उत्तरेला, दक्षिणेचं दक्षिणेला. उत्तरेला चार घरं जास्त, म्हणून मेयर कायम उत्तरेचा. व्हर्ना जन्मानं दक्षिणेची, लग्नानं उत्तरेची. ऑरिनशी लग्न केलं तेव्हा वडिलांनी अबोला धरला, आणि सासूनं मरेपर्यंत तिला ‘पलीकडची’च म्हटलं. आता ऑरिनही राहिला नव्हता. शाळेची बस चालवायची आणि घरी यायचं. गावच्या राजकारणात आपल्याला कुणी धरत नाही अशी तिची समजूत होती, आणि त्यात ती सुखी होती.

स्ट्रॉबेरी तशाच टाकून ती गेलनकडे गेली. तो अंगणात गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता.

“गेलन, देवाशपथ सांगते, मला यातलं काही ठाऊक नव्हतं.”

“मला होतं की. मीच लिहिलं तुझं नाव.”

“आणि मग उभा कशाला राहिलास?”

“कुणीच उभं नाही, बरं दिसत नाही, म्हणून बायकोनं राहायला लावलं.” तो हसला. मग यंत्राच्या पात्याकडे बघत हळूच म्हणाला, “पण एवढे जण लिहितील असं नव्हतं वाटलं मला.”

व्हर्नानं गवतात पडलेला एक स्क्रू उचलून त्याच्या हातात दिला.

पुढचे काही दिवस ती भेटेल त्याला विचारत सुटली. तिचा भाऊ क्लेमेन्स म्हणाला, “शेवटी आपल्या बाजूचं माणूस बसलं त्या खुर्चीत!” मार्डेल म्हणाली, “आपल्याच बाजूकडे राहिली ना खुर्ची, म्हणून लिहिलं.” एक आजोबा म्हणाले, “माझी नात बसमध्ये मोठमोठ्यानं गाते, तू तिला गप्प करत नाहीस, म्हणून.” पोस्टातली बाई म्हणाली, “मी नाही बाई दिलं. पण झालं ते बरं झालं.” जितकं विचारावं तितकी गोष्ट जास्तच गुंतत गेली. अखेर तिनं मेयरपदाची शपथ घेतली, कारण नाही कसं म्हणायचं तेही कुणी तिला सांगेना.

हिवाळ्यात पहिला पेच आला. बर्फ हटवायचा ट्रक गावाला एकच, आणि तो नेहमी उत्तरेपासून सुरुवात करायचा. गावच्या मंडळाच्या जाहीर सभेत दक्षिणेचे दोन सभासद म्हणाले, यंदा आमच्याकडून. उत्तरेचे दोघं म्हणाले, मुळीच नाही. मतं समसमान पडली की मेयरनं मत द्यायचं. गेलन मेयर असताना अशा वेळी डोळे मिटून ‘उत्तर’ म्हणायचा.

“बोल व्हर्ना,” सगळे एकदम म्हणाले. दोन्हीकडचे लोक तिच्याकडे असे बघत होते, जणू ती आपलीच.

तिनं ऑरिन आठवला, वडील आठवले. दोघांनीही काही मदत केली नाही. “दक्षिण,” ती म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही.

आता उत्तरेत वादळ उठणार म्हणून ती धास्तावून होती. पण उत्तरेकडून एक तक्रार आली नाही. तिथं सगळी म्हातारी माणसं. उशिरा उठायची, त्यांना कुठं जायचं होतं? फोन आला तो क्लेमेन्सचा, तोही पहाटे.

“अगं, तो ट्रक काळोखात येतो आणि माझ्या दारापुढं बर्फाचा डोंगर टाकून जातो! हे कुणी मागितलं होतं?”

“तूच की, सभेत उभा राहून.”

“मी भांडत होतो, व्हर्ना! मागत नव्हतो!”

तिनं फोन ठेवला. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता थोडं रडूही. ट्रकचा क्रम मात्र तिनं बदलला नाही.

पुढच्या निवडणुकीआधी मार्डेल आणि क्लेमेन्स दोघं मिळून तिच्या उमेदवारीसाठी सह्या गोळा करत हिंडले. याआधी त्या दोघांनी एका टेबलावर कॉफीसुद्धा घेतली नव्हती. ह्या खेपेला व्हर्नाचं नाव छापून आलं. ती निवडून आली, पण मतं मागच्यापेक्षा कमी पडली. बऱ्याच जणांनी कोऱ्या ओळीवर गेलनचं नाव लिहिलं होतं.

“हे आता कशासाठी?” तिनं गेलनला विचारलं.

“मला काय विचारतेस?” तो म्हणाला. “मी तुला दिलं.”