दर पाचवं घर

तुम्ही मघापासून विचारताय ना, की समाजशास्त्रात एम.ए. केलेला माणूस विम्याच्या कचेरीत कसा येऊन पडला? सांगतो. पण आधी चहा मागवा, ही गोष्ट मला कोरड्या घशाने सांगवत नाही. आणि शेवटी मला मूर्ख म्हणायची घाई करू नका. एका अख्ख्या गावाने ते काम आधीच करून ठेवलंय.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मुंबईत एका संस्थेत मला संशोधन सहायकाची हंगामी नोकरी लागली होती. विषय होता ग्रामीण सत्तारचना आणि निर्णयप्रक्रिया. घाबरू नका, साधी गोष्ट आहे. गावात निर्णय नेमका घेतं कोण? सरपंच, की सरपंच नुसता सहीपुरता आणि दोऱ्या भलत्याच कुणाच्या हातात? आमच्या सरांना हे जाणून घ्यायचं होतं, पण उन्हात फिरायचं नव्हतं. म्हणून मला पोलादपूर तालुक्यात पाठवलं.

कापडे नावाच्या गावापर्यंत एसटी, पुढे ओढा ओलांडून डोंगराच्या अंगाने पायी. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. गणपतदादा म्हणून एक गृहस्थ होते, मुंबईला गिरणीत नोकरी करून परत आलेले. त्यांच्या पडवीत माझी पथारी. दादा गावकीतले मोठे मानकरी. गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या घरांची मिळून बैठक. ती देवळात बसते, आणि तिथे जे ठरतं तेच होतं. सरपंचाला दुसऱ्या दिवशी कळवतात.

झालं. मला सापडलं होतं. आता गावकी एकदा तरी निर्णय घेताना डोळ्यांनी बघायची, एवढाच ध्यास. पण मी देवळात गेलो की सगळे भाताच्या भावाबद्दल बोलायला लागायचे. मला चहा द्यायचे आणि उठून आपापल्या घरी जायचे.

"परक्या मानसासमोर गावकी बसत नाय, साहेब," दादा म्हणाले. "बुरा मत मानना."

मग मी घरोघर मुलाखती सुरू केल्या. सरांची ताकीद होती, दर पाचवं घर घ्यायचं. मधल्या घरात कुणी कितीही बोलावलं तरी पाय ठेवायचा नाही, नमुना बिघडतो. आता मी काय, आज्ञाधारक. खांद्याला झोळी, हातात कागद, चार घरांसमोरून खाली मान घालून सरळ पुढे आणि पाचव्यात आत. "या साहेब, पानी घ्या" असं कुणी म्हटलं तर लांबूनच हात जोडायचे आणि सुटायचं.

शिकलेल्या माणसाला जे कळत नाही ते सांगतो. त्या गावात पूजेचा प्रसाद असो की लग्नाचं आमंत्रण, माणूस निघाला की घरटी जातो. एकही घर सोडत नाही. सोडलंच, तर त्याचा अर्थ एकच होतो, की ते घर वाळीत टाकलंय. त्याच्याशी पाणी बंद, बोलणं बंद. आणि मी तर दिवसाढवळ्या चार घरं वाळीत टाकत चाललो होतो.

गाव गप्प झालं. नंतर कुजबुजायला लागलं. गणपतदादांनी बिचाऱ्यांनी दारोदार जाऊन समजूत घातली, की ही सरकारी पद्धत हाय, मनाला लावून घेऊ नका. बऱ्याच जणांनी ऐकलंही. एका घराला मात्र ते परवडण्यासारखं नव्हतं.

ते घर दगडूभाऊंचं. त्यांची मुलगी सुमन. तिचं महाडच्या एसटी डेपोतल्या एका कंडक्टरशी जमत आलं होतं. पक्की नोकरी, खाकी कपडे, सरकारी पास. आमच्या संस्थेत कुणालाही हेवा वाटावा असं स्थळ. सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. त्याआधी मुलाचे मामा गावात चौकशीला आले, आणि त्यांच्या कानावर गेलं की मुंबईचा साहेब घरोघर जातोय, पण दगडूच्या घरी गेला नाही. का नाही गेला? कुणालाच सांगता येईना. मामांनी चहाचा कप तसाच ठेवला, "बघू, कळवतो" म्हणाले आणि कापड्याची वाट धरली.

"कळवतो" म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

संध्याकाळी दगडूभाऊ माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसले.

"साहेब, माजं काय चुकलं?"

"अहो, काहीच नाही. तुमचं घर पाचवं नव्हतं."

"मंग कितवं होतं?"

"तसं नाही. याला यादृच्छिक निवड म्हणतात. म्हणजे त्यात काही कारण नसतं."

"कारन नाय," ते हळूच म्हणाले, "आनि तरी पोरीचं मोडायला लागलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी एवढंच मागितलं, की एकदा येऊन जा, चहा घ्या, गावाला दिसू दे. मी नमुना बिघडवायचं ठरवलं. वाटलं, आपण माणुसकीने वागतोय. मित्रहो, माझ्या आयुष्यातली मोठी संकटं मी माणुसकीने वागलो की येतात.

दुसऱ्या दिवशी निघालो तर गणपतदादांच्या मंडळी म्हणाल्या, "जरा बरा सदरा घाला." घातला. दगडूभाऊंच्याकडे अंगण सारवलेलं, पाटावर नवं कापड, आणि दारात निम्म्या गावातल्या बायका. मी मनात म्हटलं, बघा, एका भेटीने घराची अब्रू परत आली. नुसता चहा घेऊन उठलो असतो तरी निभावलं असतं हो. पण गावाला दिसायला हवं ना, की या घराचीही रीतसर मुलाखत झाली. मी प्रश्नावली काढली.

माणसं किती, जमीन किती, खाचरं किती, हे झालं. तेवढ्यात सुमन पोहे घेऊन आली. आमच्या प्रश्नावलीत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारायचे प्रश्न होते, मग मी तिलाही बसवलं. नाव काय? वय? शाळा कितवीपर्यंत? घरात कोणकोणती कामं करता? शिवण येतं का? साक्षरतेच्या तपासणीसाठी चार ओळी वाचून घ्यायच्या असत, त्या वाचायला दिल्या. मुलीने खाली मान घालून अगदी स्वच्छ वाचल्या. शेवटचा प्रश्न होता, पुढे गावात राहायला आवडेल की शहरात?

तुम्ही हसताय. तेव्हा तिथे कुणी हसत नव्हतं. दारातल्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या.

मग दगडूभाऊंच्या आईने माझी चौकशी केली. गाव कोणतं, आडनाव काय, मामांचं घराणं कोणतं. मी भडाभडा सांगत गेलो. तिने देवक विचारलं, तेही सांगितलं. सोयरीक जुळवताना दोन्हीकडचं देवक एक तर नाही ना हे बघतात, हे पुण्यात वाढलेल्या मला काय ठाऊक? मला वाटलं, लोकांचा आता आपल्यावर विश्वास बसला. एवढा आनंद झाला म्हणता, की निघताना खिशातलं नवं पेन काढून सुमनच्या हातात ठेवलं, छान वाचलंत म्हणून. आतून कुणीतरी हरखून "गो बाय" म्हणालं.

त्या दिवसापासून माझे लाड सुरू झाले. वाट अडवून लोक विचारपूस करायला लागले. दादांच्या मंडळी भातावर तुपाची धार सोडायला लागल्या. दादांनी विचारलं, "आईवडलांना कदी बोलावताय?"

"मे महिन्यात येतील की. रायगड बघायचाय त्यांना. पायथ्याच्या हिरकणीवाडीत एखादी खोली मिळाली तर बघतो."

"खोली कशाला? आता हे गाव त्यांचंच."

काय गोड माणसं, असं मला वाटलं. डोळे भरून आले होते माझे.

आठवडाभरातच सुमनने मला ओढ्याच्या वाटेवर गाठलं. डोक्यावर हंडा, चेहरा रडून सुजलेला.

"साहेब, जरा थांबा. तुमी वाईट नाय. पन मला तुमी नको."

मला काही कळेना. "मी कशाला नको?"

"नवरा म्हनून नको." तिने हंडा खाली ठेवला. "मला तो कंडक्टरच बरा वाटतो. आमच्या एसटीला असतो तो. म्हाताऱ्या बायांचं गाठोडं सोता वर घेतो, सुट्टे नसले तरी खेकसत नाय. आता पाशिंजरांनीच त्याला गाडीत सांगितलं, मुंबईचा साहेब तुजी पोरगी बघून गेला. मामांचा निरोप आला, आमी मागं सरतो. बाबा तर खुशीत हायत. मी काय करू, तुमीच सांगा."

आधी मी गेलो नाही म्हणून तिचं मोडत होतं. आता गेलो म्हणून मोडलं. मी तिथेच एका दगडावर बसलो.

तसाच गणपतदादांकडे गेलो. "दादा, मी मुलगी बघायला गेलो नव्हतो हो. ते प्रश्न मी सगळ्यांना विचारतो."

"बाकीच्या घरी नंबरानं गेलात. तिथं मुद्दाम गेलात. चांगला सदरा घालून."

"तो तुमच्या घरातून घालायला सांगितला."

"पेन पन आमीच द्यायला सांगितलं?"

म्हटलं, ठीक आहे, उद्या देवळात उभा राहतो आणि सांगतो की मला लग्न करायचंच नाही.

"खबरदार," दादा म्हणाले. "मुंबईच्या साहेबानं पोरगी बघितली आनि नाकारली, असं होईल. मंग तो कंडक्टरही गेला आनि दुसरा कोनही आला नाय. पोर जन्माची बसंल घरात."

हो म्हणावं तर तिच्या मनाविरुद्ध. नाही म्हणावं तर तिची बदनामी. मला त्या रात्री वाटलं, सगळे कागद ओढ्यात सोडावेत आणि पायी महाड गाठावं. पण पळालो असतो तरी त्याचा अर्थ नाकारली असाच झाला असता. दादा तंबाखू मळत बसले होते. चिमूट तोंडात टाकून म्हणाले, "एकच रस्ता हाय. नाकारायचं ते आमी नाकारायचं. गावकी बसवतो. मुलाच्या मामांना पन बोलावतो. लोकांसमोर तुमाला चार प्रश्न विचारू, आनि पोरगी देत नाय म्हनून सांगू. थोडं नाटक करायला लागंल."

मी म्हटलं, दादा, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.

आणि अशा रीतीने मी शेवटी गावकी बघितली. सगळं गाव देवळात. खांबाशी मामा, हाताची घडी घालून. सुमन बायकांत मागे. आणि मध्ये मी, संशोधक.

दादांनी सुरुवात केली. "नोकरी पक्की?"

"नाही, हंगामी."

"मुंबईत सोताची खोली?"

"नाही. मित्राबरोबर राहतो."

"काम काय करता?"

"लोकांना प्रश्न विचारतो."

"उत्तरं मिळाल्यावर?"

"सरांना नेऊन देतो."

"आनि सर काय करतात?"

"छापतात."

"ते कोन वाचतं?"

मी विचार केला. "दुसरे सर."

मग कोपऱ्यातून एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग त्या वाचन्यानं आमच्या ओढ्यावर साकव होतो?"

"नाही, पूल तसा थेट नाही होत..."

"आडवातिडवा तरी?"

आता मामाही पुढे सरकले. "बरं, पाचातल्या एकाच घरी जाता म्हनं. बाकीच्या चार घरांत काय हाय, ते तुमाला कसं कळतं?"

"ते आम्ही पाचव्यावरून धरतो."

मामांनी दगडूभाऊंकडे बघितलं. दगडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी दुःख होतं, मग संशय आला, आणि शेवटी एकदम सुटल्यासारखं हसू आलं. बायकांत कुजबुज झाली, पुरुषांनी माना हलवल्या, हात वर करायची गरजसुद्धा पडली नाही. दादा उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगा सोभावानं गरीब हाय. पन पोरगी देन्याजोगा नाय. गावकी नाय म्हनते."

मामांची छाती फुगली. ज्या घराने मुंबईच्या साहेबाला नाकारलं, त्या घराची मुलगी आपल्या भाच्याला मिळते म्हणजे काय! तिथल्या तिथे सुपारी फुटली. मागे बायकांत सुमन पदर तोंडाशी धरून हसत होती. पेढा मलाही मिळाला, सगळ्यांत शेवटी.

परत येताना मी हलका झालो होतो. दादांचा हात धरला आणि म्हटलं, "दादा, नाटक काय झकास वठवलंत. मला पण क्षणभर खरं वाटलं."

दादा चालायचे थांबले. जरा अवघडले. "नाटक करायचंच ठरलं होतं, साहेब. पन तुमची उत्तरं ऐकल्यावर त्याची गरज नाय पडली."

मुंबईला परतलो, विम्याच्या कचेरीत अर्ज टाकला आणि मग सरांना भेटलो, तर ते उत्सुक. म्हणाले, "मग? गावकी निर्णय घेताना बघितलीस का? कसा होतो निर्णय?"

"एकमताने होतो, सर," मी म्हटलं. "आणि बरोबर होतो."